वर्गणी कमी करा, पण एप्रिलमध्ये मागू नका

पत्र

दादा, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात २०१४ साली वाचनालय सुरू झालं, त्याला जोडून अभ्यासिका. संस्था रीतसर नोंदलेली आहे, पण सरकारी अनुदान नाही. मी तीन वर्षांपासून सचिव आहे. सुरुवातीला वर्षाची वर्गणी १२० रुपये होती. २०१९ मध्ये ती ३०० झाली आणि तेव्हापासून ५०० रुपये अनामतही घेतो. २०२२ मध्ये इन्व्हर्टर घेतला आणि वर्गणी ६०० झाली. एके काळी १४० सभासद होते, आता ४३ उरले. लाइट बिल, तीन पेपर, दोन मासिकं आणि झाडलोट करणाऱ्या मावशींचे पैसे धरून वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार खर्च आहे.

मागे तांड्यावरची एक आई बारावी झालेल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला पोलीस भरतीचा अभ्यास करायचा होता. सगळे मिळून अकराशे म्हटल्यावर मुलीनंच आईचा हात ओढला. आई म्हणे, "येतो ना मंग कापूस इकल्यावर." त्या परत आल्या नाहीत.

अध्यक्ष माझे चुलत सासरे आहेत. खोली त्यांच्याच जागेत आहे. ते म्हणतात, "फुकटात देलं का मानसाले किंमत रायत नाई. शंभर रुपये केले तं उद्या पोट्टे पंख्याखाली झोपाले येतीन." मी १०० करावं म्हणते, पण खर्च कसा निघेल हे मलाही सांगता येत नाही. वर्गणीचं वर्ष एप्रिलपासून धरतो, सभा ऑगस्टमध्ये असते. काय करू? काकांना दुखवायचंही नाही. आणि एक, हल्ली लोक मोबाइलवरून पैसे देऊ का विचारतात, घ्यायचे का?

– एक सचिव, जि. यवतमाळ

उत्तर

ताई,

शंभर करा. माझं मत आधीच सांगून टाकतो. पण नुसता आकडा बदलून भागणार नाही. ही वर्गणी नेमकी कशाची, ती कोणत्या महिन्यात मागायची आणि जुन्या थकबाकीचं काय, हे प्रश्नही त्या आकड्याइतकेच मोठे आहेत. यातला महिन्याचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, आणि मला दाट शंका आहे की तुमचे बरेच सभासद तिथेच गळाले.

आधी खर्चाचं बोलू, कारण काका पहिल्यांदा तेच विचारतील. ४३ जणांचे प्रत्येकी ६०० म्हणजे २५,८००. तुमचा खर्च आज असा काठावर भागतो. शंभराच्या वर्गणीनं तेवढीच रक्कम उभी करायची तर २५८ सभासद लागतील. ते होणार नाहीत. चांगल्या दिवसांतही १४० होते. तेव्हा "वर्गणी उतरवली की सभासद वाढतील आणि आपोआप भरून निघेल" असं सांगत काकांकडे जाऊ नका. ते तिथल्या तिथे गुणाकार करतील आणि तुमचा मुद्दा बरोबर असूनही खोटा पडेल.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पावतीत घातल्या आहेत. एक म्हणजे संस्थेचं सभासदत्व: सभेला बसण्याचा, मत देण्याचा, हिशेब विचारण्याचा हक्क, आणि पुस्तक घरी नेण्याची सोय. दुसरी म्हणजे अभ्यासिकेची जागा: खुर्ची, पंखा, रात्री दहापर्यंतचा लाइट. खर्चाचा मोठा भाग या दुसऱ्या गोष्टीचा आहे. इन्व्हर्टर तिच्यासाठीच आला. मग त्याचा भार घरी बसून महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्या आजोबांवर का? सभासदत्व १०० रुपये ठेवा. अभ्यासिकेत रोज बसणाऱ्याकडून महिन्याचे वेगळे ५० घ्या, ज्या महिन्यात बसेल त्याच महिन्याचे. यवतमाळला किंवा अमरावतीला खाजगी अभ्यासिकेत महिन्याला पाचशे-हजार मोजावे लागतात, खोलीभाडं आणि मेस वेगळी. गावात ५० रुपये कोणाला जड जाणार नाहीत.

आता पुन्हा हिशेब मांडा. दीडशे सभासद झाले तर १५,०००. अभ्यासिकेत सरासरी २५ मुलं-मुली वर्षातले दहा महिने बसली तर १२,५००. एकूण २७,५००. पहिल्या वर्षी दीडशे होतीलच असं नाही. शंभरच झाले तरी २२,५०० येतात आणि तीन-साडेतीन हजारांची तूट राहते. ती तूट देणगीतून काढता येण्याजोगी आहे. गावातले नोकरीवाले आणि पुण्याला गेलेले तुमचेच जुने विद्यार्थी यांच्याकडे ती मागा. मागताना "वाचनालयाला मदत करा" असं मोघम म्हणू नका. "तीन पेपरांचं वर्षाचं बिल इतकं आहे, त्यातला एक पेपर तुमच्याकडून" असं म्हणा. नेमकी वस्तू सांगितली की माणसाचा हात सैल होतो.

लाइट बिलाचा कागदही एकदा नीट पाहा. मीटर कोणत्या वर्गवारीत आहे ते त्यावर छापलेलं असतं. वाचनालयं महावितरणच्या सार्वजनिक सेवेच्या वर्गवारीत बसतात. तुमचं बिल वाणिज्यिक म्हणून येत असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून वर्गवारी बदलण्याचा अर्ज करा. आणि खोली काकांच्या जागेत आहे, तर तिच्या वापराचा साधा का होईना, लेखी करार असू द्या. काकांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. त्यांच्या पश्चात पुढची पिढी काय म्हणेल हे आज कोणालाच माहीत नाही.

आता महिन्याकडे येतो. तुमचं वर्गणीचं वर्ष एप्रिलपासून. एप्रिलात आपल्याकडे कोणाच्या हातात पैसा असतो, सांगा बरं. मार्चअखेरीस सोसायटीचं कर्ज भरून शेतकरी मोकळा झालेला असतो, म्हणजे खिशानंही मोकळा. पाडव्याला सालगडी ठरतो, त्याला उचल द्यावी लागते. मग नांगरटी, वखरणी, मे-जूनमध्ये बियाणं आणि खत, जूनअखेर मुलांच्या वह्या-पुस्तकं. मजुरी करणाऱ्या घराचे हाल याहून वाईट, कारण एप्रिल-मे महिन्यांत शेतात कामच नसतं. पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर दिवाळीच्या आगेमागे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत संक्रांतीपर्यंत, फार तर फेब्रुवारीपर्यंत. वेचणीच्या हंगामात मजुराच्या घरातही आठवड्याच्या बाजाराला रोख असते. त्या तांड्यावरच्या आईनं तुम्हाला नेमकं हेच सांगितलं होतं. तुम्हाला तो नकार वाटला. तिनं तारीख दिली होती.

यात कायद्याचीही एक गोष्ट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असणार. त्याच्या कलम १५ मध्ये असं आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. आता तुमच्या तारखा यावर ठेवून पाहा. वर्गणी एप्रिलला देय. जुलै लागला की तीन महिने उलटले. ऑगस्टमध्ये सभा. म्हणजे ज्याच्या हाती पैसा दिवाळीलाच येतो, त्याचा मताचा हक्क दर वर्षी सभेच्या महिनाभर आधी जातो. कोणी मुद्दाम केलं नसेल, मला तशी शंकाही नाही. पण परिणाम असा की वर्गणी वाढवण्याचा ठराव ज्यांनी केला त्यांत ती वाढ न झेपणारा माणूस नव्हताच. २०१९ चा आणि २०२२ चा ठराव काढून हजेरीच्या सह्या वाचा. त्या सह्यांमध्ये तांड्यावरचे किती, बौद्धवाड्यातले किती, बाया किती, हे तुम्हीच मोजा.

म्हणून मी वर्गणी उतरवा म्हणतो ते दया म्हणून नाही. वर्गणीचा आकडा संस्था कोणाची हे ठरवतो. सहाशे रुपये म्हणजे निंदणाला जाणाऱ्या बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी. एवढे देऊन वाचनालयात येणारी घरं गावात मोजकी, आणि मग वाचनालयही त्या मोजक्यांचं होतं.

हे आपल्याच भागात फार मोठ्या पातळीवर कळलेलं आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तिथे गांधीजींच्या पुढाकारानं नवी घटना स्वीकारली गेली आणि सभासदत्वाची वर्गणी वर्षाला चार आणे ठरली. तोवर काँग्रेस ही मुख्यतः वकील, डॉक्टर आणि शिकलेल्या शहरी लोकांची होती. चार आण्यांनी खेड्यातला माणूस वहीत नाव लिहून रीतसर सभासद होऊ लागला. पुढच्याच वर्षी एक कोटी सभासद आणि टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, अशी दोन्ही उद्दिष्टं सोबत ठेवली होती. फंड देणग्यांतून उभा राहिला. सभासदत्व चार आण्यांवरच राहिलं. पैसा एका वाटेनं आणि माणूस दुसऱ्या वाटेनं, हे त्यांनी वेगळं ठेवलं. तुमच्या वाचनालयालाही हेच करायचं आहे.

आपल्या कायद्यानंही हे ओळखलं होतं. कामगार संघटनांच्या जुन्या, १९२६ च्या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनं किमान वर्गणी ठरवली होती, ती ग्रामीण मजुरांसाठी वर्षाला १ रुपया, इतर असंघटित कामगारांसाठी ३ रुपये आणि बाकीच्यांसाठी १२ रुपये. खेड्यातल्या मजुराला संघटना परवडली पाहिजे, हा त्यामागचा विचार उघड होता.

मग शून्यच का नको? वाचनालयाच्या बाबतीत हा प्रश्न अगदी रास्त आहे. युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावं असं म्हटलं आहे. मलाही ते मनापासून पटतं. पण तिथे ग्रंथालयाचा खर्च सरकारनं उचलावा हे गृहीत आहे. मद्रास राज्यानं १९४८ मध्ये ग्रंथालय कायदा केला तेव्हा ग्रंथालय करच बसवला. आपला १९६७ चा महाराष्ट्राचा कायदा झाला, पण त्यात कर नाही. लोकांनी संस्था काढायच्या आणि सरकारनं अनुदान द्यायचं, अशी आपली रीत. त्यात २०१२ नंतर बरीच वर्षं नवी मान्यता थांबलेली होती, आणि तुमचं वाचनालय सुरू झालं २०१४ ला. म्हणजे अनुदानाचा दरवाजा बंद झाल्यावर तुम्ही पोहोचलात. गावानं स्वतःच्या खिशातून एवढी वर्षं ते चालवलं, ही लहान गोष्ट नाही. पण म्हणूनच आज शून्य करणं झेपणार नाही. शिवाय शंभराची का होईना, हातात पावती असली की माणूस सभेत उभा राहून "बिल एवढं काऊन आलं?" असं विचारू शकतो. तो हक्क मला फार मोलाचा वाटतो. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मान्यतेची चौकशी मात्र दर वर्षी करत राहा. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना पुस्तकांसोबत सभासदांची संख्याही पाहतात, आणि तिथे ४३ पेक्षा १५० कधीही बरे.

"गरिबांना सवलत" असा प्रकार करू नका. अनेक संस्था इथे चुकतात. वर्गणी ६०० च ठेवायची आणि पिवळं रेशनकार्ड दाखवणाऱ्याला १०० मध्ये घ्यायचं, हे कागदावर फार न्यायाचं दिसतं. प्रत्यक्षात गावात, सगळ्यांच्या ओळखीच्या टेबलासमोर, सतरा-अठरा वर्षांची मुलगी कार्ड काढून दाखवणार नाही. तिनं आईचा हात ओढला होता, हे विसरू नका. सगळ्यांना शंभर. ज्याला जास्त द्यायचे त्यानं देणगी म्हणून द्यावे, त्याची वेगळी पावती, आणि देणगीदाराला मत एकच.

कोणीतरी सभेत "आजीव सभासद करा, पाच हजार एकदम घ्या" असं सुचवेल, हेही आताच लिहून ठेवतो. मोह मोठा असतो. पण ते पाच हजार त्याच वर्षी रंगरंगोटीत जातात, पुढे त्या माणसाकडून कधीच काही येत नाही, आणि त्याचं मत मात्र जन्मभर राहतं. करायचंच असेल तर ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवा आणि फक्त व्याज वापरा, असं ठरावातच लिहा.

पैशांऐवजी श्रमदान घ्यावं का, असंही कोणी विचारेल. महिन्यातून एक दिवस पुस्तकांना कव्हर घालणं, रजिस्टर लिहिणं, उन्हाळ्यात माठ भरणं. चांगलं आहे, पर्याय म्हणून ठेवा. सक्ती करू नका. काँग्रेसनं १९२४ मध्ये बेळगावला चार आण्यांच्या जागी महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं ठरवलं होतं. हेतू उत्तम होता, पण सभासद रोडावले आणि १९२५ मध्येच चार आणे किंवा सूत असा पर्याय द्यावा लागला. दिवसभर डवऱ्यामागे फिरलेल्या माणसाकडून आणखी एक दिवस मागणं म्हणजे त्याच्याकडून शंभरापेक्षा जास्तच मागणं आहे.

आता थकबाकी आणि अनामत. जे ९७ जण गळाले त्यांच्या नावापुढे वहीत दर वर्षीचे ६०० चढत असतील तर ते बाराशे-अठराशे झाले असतील. तुम्ही नवी वर्गणी शंभर केलीत आणि जुना सभासद आल्यावर वही उघडून "आधी मागचे अठराशे" म्हणालात तर तो उंबऱ्यावरूनच परत जाईल. थकबाकी माफीचा वेगळा ठराव करा, ठरावीक तारखेपर्यंतची सगळ्यांची, नावं न वाचता.

अनामतीचं तर मला तातडीनं सांगायचं आहे. २०१९ पासून ज्यांनी ५०० भरले आणि पुढे येणं सोडलं, त्यांचे पैसे परत केलेत का? केले नसतील तर ते आजही त्यांचेच आहेत. संस्थेच्या ताळेबंदात ते देणं म्हणून दिसायला हवेत. इन्व्हर्टर कशातून घेतला हे तुम्ही लिहिलं नाही. अनामतीतून घेतला असेल तर हे देणं डोक्यावर आहे, हे हिशेब तपासनिसाला स्पष्ट सांगा. पण यातच एक वाट आहे. नव्या दरानं ५०० म्हणजे पाच वर्षांची वर्गणी. प्रत्येकाकडे जा आणि विचारा: पैसे परत हवेत, की वर्गणीत वळते करू? लेखी होकार घ्या आणि पावती फाडा. त्यांच्यातले बरेच जण खिशात हात न घालता पुन्हा पूर्ण हक्काचे सभासद होतील. यातून रोख मिळणार नाही, तेव्हा वरच्या हिशेबातून तेवढी माणसं वजा करून तूट पुन्हा काढा. एकाच वर्षी सगळ्यांचं करण्यापेक्षा दोन टप्प्यांत करणं सोपं जाईल. नव्यांकडून अनामत घेऊच नका. हरवून हरवून दोनशे रुपयांचं पुस्तक हरवेल, आणि गावात कोणाचं घर कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिले तीन महिने एका वेळी एकच पुस्तक द्या, तेवढी काळजी पुरे.

ज्या ४३ जणांनी यंदा ६०० भरले त्यांना आपण फसलो असं वाटू देऊ नका. वरचे ५०० पुढच्या वर्षांसाठी जमा धरायचे की देणगी म्हणून लिहायचे, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. काका बहुधा देणगीच म्हणतील.

काकांविषयी. त्यांचं बोलणं तुम्हाला अडवणूक वाटत असेल, पण ज्या माणसानं स्वतःची खोली एवढी वर्षं वाचनालयाला दिली त्याची भीती वेगळी असते. पैसे कमी पडले तर शेवटी बिल आपल्यालाच भरावं लागेल, हे त्यांना माहीत आहे, आणि ते तसं बोलून दाखवणार नाहीत. म्हणून सभेत पहिल्यांदा विषय काढू नका. सभेच्या बऱ्याच आधी घरी जा, कोषाध्यक्षांना सोबत घ्या, म्हणजे सून आणि सासरे असा तो विषय राहणार नाही. जुनी पावतीपुस्तकं न्या. त्या ९७ नावांची यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि एकेक नाव त्यांनाच वाचू द्या. गावातलं प्रत्येक घर त्यांना माहीत आहे. हा वारला, हा पुण्याला गेला, हिचं लग्न झालं, असं सांगत ते नावं खोडतील. जी नावं उरतील त्यांच्यापुढे थांबून फक्त विचारा, "काका, हे काऊन येत नसतीन?" उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग वरचा हिशेब दाखवा, तुटीचा आकडा लपवू नका, आणि तूट कोणाकडून भरून काढायची त्या चार-पाच माणसांची नावंही तयार ठेवा. बिल त्यांच्या अंगावर येणार नाही, हे त्यांना कागदावर दिसलं पाहिजे.

पंख्याखाली झोपणाऱ्यांचं म्हणाल तर सहाशे भरणारा मुलगाही दुपारी झोपतोच. त्याचा इलाज दरपत्रकात सापडायचा नाही. अभ्यासिकेतल्याच दोन मोठ्या मुलांना आणि दोन मुलींना शिस्तीची जबाबदारी द्या. ती काकांपेक्षा कडक निघतील.

काका तरीही नाही म्हणाले तर? मग त्यांना आधी कळवून, सूचक आणि अनुमोदक ठरवून ठराव मांडा. मोठ्यांचा मान ठेवणं आणि त्यांच्या होकारासाठी दहा वर्षं थांबणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ठराव दोन वर्षांसाठी मांडा. एका वर्षावरून काही कळत नाही. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला तर सगळा दोष शंभर रुपयांवर येईल.

त्याआधी तुमची नियमावली काढून वाचा. वर्गणीचा आकडा नियमावलीतच छापलेला आहे की "कार्यकारी मंडळ ठरवेल" असं लिहिलं आहे? छापलेला असेल तर ती नियमावलीची दुरुस्ती होते: तिच्यात सांगितलेली नोटिशीची मुदत, गणपूर्ती, लागणारं बहुमत सगळं पाळावं लागेल आणि बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागेल. दुरुस्ती करतच असाल तर आकडा काढूनच टाका आणि "सर्वसाधारण सभा ठरवेल ती वर्गणी" असं घाला. त्याच ठरावात वर्गणीची मुदत बदला: दसऱ्यापासून घ्यायला सुरुवात, शेवटची तारीख ३१ जानेवारी. हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्चच राहील, त्याला धक्का लागत नाही. दसऱ्यापासून म्हणतो कारण तांड्यावरची जी घरं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जातात ती दिवाळीच्या आगेमागे निघतात. निघण्याआधी त्यांच्या हातात उचल असते. वर्गणी घ्यायला तुम्ही तांड्यावर जा, त्यांची वाट पाहू नका. आणि पावती फाडताना घरातल्या कोणाच्या नावानं हे विचारा. विचारलं नाही तर नाव आपोआप पुरुषाचं लागतं.

सभा ऑगस्टमध्येच राहिली तर ती दुपारी ठेवू नका. निंदण-डवरणीचे दिवस असतात. रात्री आठला ठेवा, नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकासोबत तांड्यावर आणि बौद्धवाड्यातही लावा आणि तिथे तोंडी सांगा.

मोबाइलवरच्या पैशांचं. जरूर घ्या, पुण्या-मुंबईकडच्यांना तेच सोयीचं. पण क्यूआर संस्थेच्या बँक खात्याचाच हवा, तुमच्या किंवा कोषाध्यक्षांच्या फोनपेचा नको, एका दिवसासाठीसुद्धा नको. बँकेत संस्थेचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन घेऊन गेलात की तो मिळतो. पैसे आले की त्याच दिवशी छापील पावतीपुस्तकातली पावती फाडा, तिच्यावर व्यवहाराचा क्रमांक लिहा आणि तिचा फोटो पाठवा. स्थळप्रत वहीतच राहू द्या.